लेव्हिटटाऊनच्या घराविषयी बाबांना पत्र

लेव्हिटटाऊन, न्यूयॉर्क राज्य

तीर्थरूप बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोटो पाहून तुम्ही विचारले होते की, एवढ्या थंडीच्या मुलखातल्या या घराला जोते का नाही आणि तळघर का नाही. या घराला खोल पायाच नाही; जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब ओतला, त्यातच तांब्याच्या नळ्या पुरल्या आणि त्यांतून गरम पाणी फिरवून फरशीच उबदार केली. कल्पना उत्तम होती, पण नळी गळू लागली की फरशी फोडावी लागते, म्हणून पुष्कळांनी ती व्यवस्था केव्हाच सोडून दिली आहे. आमच्याकडेही आता भिंतीलगत नवे हीटर आहेत.

घर 1948 चे आहे. त्याआधी लाँग आयलंडच्या या भागात बटाट्याची शेती होती आणि सूत्रकृमीच्या रोगाने ती खचली होती. लेव्हिट कंपनीने ही जमीन घेऊन 1947 ते 1951 या काळात 17 हजारांहून अधिक घरे उभारली, ती मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी. घरे जागच्या जागी आणि कामगारांच्या टोळ्या एका घरावरून दुसऱ्या घरावर जाणाऱ्या, प्रत्येक टोळीकडे एकच काम. ऐन भरात दिवसाला 30 हून अधिक घरे पुरी होत. तुम्हाला हे हिशेब आवडतील, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. मूळ घर अवघे 750 चौरस फुटांचे, 60 बाय 100 फुटांच्या प्लॉटवर, आणि वरचा माळा पुढे खोल्या काढता याव्यात म्हणून रिकामा ठेवलेला.

सुरुवातीला कुंपण घालायला बंदी होती आणि अंगणातले गवत वेळच्या वेळी कापण्याची सक्ती होती. ते एक वेळ सोडा. पण मूळ भाडेकरारात असेही कलम होते की, गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही येथे राहू देऊ नये. घरकामाला मात्र इतर वंशाचे नोकर चालतील. अशी बंधने न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिला, तरी कंपनीचे धोरण त्यानंतरही तेच राहिले, आणि घरविक्रीतला असा भेदभाव देशभर बेकायदा ठरायला 1968 चा कायदा यावा लागला. शेजारचे आजोबा मोठ्या जिव्हाळ्याने जुन्या दिवसांविषयी बोलतात, मात्र हे कलम त्यांच्या बोलण्यात कधी येत नाही. मीही विषय काढत नाही, कारण थंडीत आमच्या दारातले बर्फ तेच आधी उपसतात. कृष्णवर्णीय कुटुंबे येथे आजही फार थोडी आहेत.

एका साच्यातली ही घरे आता ओळखू येत नाहीत. नाशिकच्या सिडकोत लोकांनी मजले चढवले तसे येथेही कोणी छत उचलले, कोणी पुढे पडवी काढली, कोणी मागे खोली जोडली. फरक इतकाच की येथे आधी परवानगी काढावी लागते आणि तपासनीस खरोखर येऊन पाहून जातो.

गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही, त्यामुळे हे गाडीने हिक्सव्हिलला जाऊन तेथून न्यूयॉर्कची लोकल पकडतात. भारतीय किराणाही तिकडेच मिळतो, तेव्हा आईने भाजणी पाठवण्याची घाई करू नये.

माळ्यावर एक खोली आणि न्हाणीघर काढायचे आमच्या मनात आहे. नकाशाची प्रत सोबत जोडली आहे. जिन्याजवळची मधली भिंत भार घेणारी असावी असे मला वाटते, पण कंत्राटदार ती पाडायला निघाला आहे. तुम्ही नकाशा पाहून मत कळवावे, तोवर मी त्याला थांबवून ठेवते.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची मोठी मुलगी