बाबा, कोटेशनवर अजून सही करू नका

बाबा, आई आणि दादा,

काल रात्री ड्युटीवरून रूमवर आली आणि दादाने पाठवलेलं ठेकेदाराचं कोटेशन दोनदा वाचलं, मग झोपच लागेना म्हणून आता हे लिहून राहिली. फोनवर मी पैशाचं काढलं की बाबा तुम्ही "पाहू, पाहू" म्हणता आणि विषय आईच्या गुडघ्यावर जातो, म्हणून सगळं एकदा लिहूनच सांगते. सही करू नका अजून, आणि ते पाच लाखांचं टोकन तर बिलकुल देऊ नका.

कोटेशनमध्ये २,२०० फूट गुणिले २,००० रुपये, म्हणजे ४४ लाख लिहिलेत. तुम्ही तोच आकडा धरून बसले. पण मी खाली बारीक अक्षरातलं वाचलं, त्यात बोअर नाही, सेप्टिक टँक नाही, खालची पाण्याची टाकी नाही, कंपाउंड वॉल, गेट, खिडक्यांच्या ग्रिल, मीटर, आर्किटेक्टची फी, नकाशा मंजुरीचे पैसे, किचनची ट्रॉली काहीच नाही. दादाने चार ठिकाणी विचारून जे आकडे दिले त्यांची बेरीज ९ लाख झाली. वर पाचेक लाख अडीअडचणीला हाताशी पाहिजेतच. म्हणजे घर ४४ चं नाही, ५८ चं आहे.

आणि हे ५८ तुम्ही कसे जमवणार तर ४० लाख लोन आणि तुमच्या रिटायरमेंटचे १८ लाख पूर्णच्या पूर्ण. बाबा, मला हेच नको आहे. त्या पैशातला मोठा भाग एफडीतच राहिला पाहिजे, उद्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हटलं तर काय स्लॅब विकणार का आपण?

दुसरं म्हणजे ४० लाख मिळतीलच असं नाही. ३० लाखांपर्यंतच्या लोनला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण ३० च्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ८० टक्केच. बँकेने फक्त बांधकामाचं एस्टिमेट धरलं तर ४४ चे ३५ लाख होतात. आणि तेही एकदम हातात येत नाहीत. आधी आपला वाटा लावून दाखवायचा, मग जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, मग विटांचं काम, प्लास्टर, फिनिशिंग, असं. दरवेळी बँकेचा इंजिनीयर येऊन पाहणार, मग पैसे सुटणार. आणि ठेकेदाराला पाहिजे सुरुवातीलाच ३० टक्के! म्हणजे तो पैसे आधी मागतो आणि बँक काम झाल्यावर देते, ह्या मधल्या दोन महिन्यांत मिस्त्री अन् मजुरांची आठवड्याची मजुरी आपल्याच खिशातून जाते. काकांचं घर ह्याच्यातच अडकलं ना, आठवते का, पहिल्या मजल्याच्या सळ्या चार पावसाळे उघड्या गंजत होत्या आणि काकू भाड्याच्या दोन खोल्यांत. मला ते घर पाहिलं की आजही पोटात कालवते. ठेकेदाराला सांगा, जसं काम तसे पैसे, आणि त्याचे टप्पे बँकेच्या टप्प्यांसारखेच लिहून घ्या.

मी काय म्हणते, आत्ता फक्त खालचा मजला बांधू, ११०० फूट. पाया आणि कॉलम मात्र दोन मजल्यांच्या हिशेबानेच टाकायचे, जिन्याची जागा सोडायची, आणि वर सोडलेल्या सळ्या काकांसारख्या उघड्या न ठेवता हलक्या काँक्रीटने झाकून टाकायच्या. ह्याला मी २६ लाख धरले, बाहेरचे ९, हाताशी साडेतीन, एकूण साडेअडतीस. लोन २५, माझी बचत ९, तुमच्याकडून फक्त साडेचार. आईला तसंही जिना चढवत नाही.

हप्त्याचं पण पाहा. साडेआठ टक्क्यांनी ४० लाख २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याला ३४,७०० च्या आसपास, एकूण फेड ८३ लाखांवर जाते. २५ लाख १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता २४,६०० आणि एकूण ४४ लाखांच्या थोडं वर. माझा इथला करार दर दोन वर्षांनी रिन्यू होतो बाबा, नाही झाला आणि मला घरी यावं लागलं तर २४ हजार मी नागपुरातल्या पगारातून पण ओढेन, ३५ नाही ओढणार. इथला रियाल डॉलरला बांधलेला आहे, रुपया घसरला की मी पाठवलेले तिकडे जास्त होतात, पण ते बजेटमध्ये धरू नका. आणि बांधकाम सुरू असताना उचललेल्या रकमेचं व्याज आणि मानेवाड्याच्या आत्ताच्या घराचं भाडं दोन्ही सोबत भरायचं आहे, हे पण.

सगळ्यात आधी मातीची टेस्ट करा. कोटेशनमध्ये खोदकाम पाच फूट धरलं आहे आणि आपल्या प्लॉटवर काळी माती आहे, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर साधा पाया टिकत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागते. पाच फुटांवर नाही लागला तर पुढचं सगळं "एक्स्ट्रा". बजेट तिथूनच फाटते. टेस्टचा खर्च त्यापुढे काहीच नाही. आणि हे कोटेशन जुलैचं आहे, सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला, तर नवीन रेट मागा, न लाजता मागा.

स्लॅब मे महिन्यात येऊ देऊ नका. ४५ डिग्रीत तराईला, म्हणजे स्लॅब भिजत ठेवायला, किती पाणी लागते तुम्हाला माहीत आहे, बोअर आटला तर टँकरचा खर्च वेगळा. आणि पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते, मग कन्हानची रेती मिळेल त्या भावाने घ्यावी लागते, म्हणून प्लास्टरची रेती आधीच भरून ठेवा.

दादा, तू एवढं कर. आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आणि मंजूर नकाशा बँकेला दाखव, आणि एनआरआय सहकर्जदाराला काय काय कागद लागतात ते लिहून पाठव. मुखत्यारपत्र मी इथल्या आपल्या दूतावासातून करून पाठवते, ते तिकडे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला स्टॅम्प ड्यूटी लावावी लागते, तेवढं विसरू नको.

बाबा, तुम्हाला वरची गच्ची, तिथला झोपाळा, सगळं पाहिजे होतं, मला माहीत आहे. कोटेशनच्या मागे तुम्ही पेन्सिलीने काढलेलं चित्र दादाने फोटोत चुकून पाठवलं, ते मी सेव्ह करून ठेवलं आहे. वरचा मजला बांधू तेव्हा त्याच चित्राप्रमाणे बांधू. शुक्रवारी मला सुट्टी आहे, तुमच्या सकाळी दहाला फोन करते, तोपर्यंत मातीवाल्याला बोलावून ठेवा.

तुमची,
ताई