रोल संपवायला काढलेले फोटो

दादरच्या स्टुडिओतल्या काकांना,
सादर नमस्कार.

नावावरून तुम्ही मला ओळखणार नाही. पावतीवर तुम्ही नावाऐवजी 'कलिना, पुराचं' असंच लिहिलं होतंत. बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि फुगलेला अल्बम घेऊन आलेली, आल्या आल्या तुमचा ओरडा खाल्लेली बाई, ती मी.

ओरडा रास्तच होता. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहायचो. पाणी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढलं होतं. मिठी नदीचं पाणी, म्हणजे कसलं ते मुंबईकराला सांगायला नको. गाद्या, टीव्ही, तांदूळ, सगळं फेकलं. अल्बम तेवढा आईने दोरीवर उलटा टांगून वाळवला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि नंतर जिथे जिथे राहायला गेलो तिथल्या माळ्यावर चढवला. उघडायची हिंमत कोणाची झाली नाही. यंदा दिवाळीच्या साफसफाईत माझ्या सात वर्षांच्या लेकीने ती पिशवी ओढून काढली. मग मीही अतिशहाणपणा केला. नखाने पान सोडवायला गेले आणि माझ्या बारशाच्या फोटोतला आईचा चेहरा प्लास्टिकबरोबर निघून आला. हातात राहिला नुसता साडीचा काठ.

"ओढलंत कशाला?" तुम्ही म्हणालात. मग जरा शांत होऊन समजावलंत. फोटोतलं चित्र जिलेटिनच्या थरात असतं, तो थर ओला झाला की मऊ पडतो आणि वाळताना समोर जे असेल त्याला डिंकासारखा धरून बसतो. पाण्याने चिकटवलेलं पाण्यानेच सुटतं, तेही सुटलं तर. स्वच्छ गार पाण्याचा ट्रे, त्यात एकेक पान, आणि वाट बघणं. अल्बमच्या चिकट पुठ्ठ्यावर बसलेल्या फोटोंखालून तुम्ही दात साफ करायचा दोरा सरकवलात, तेव्हा मला हसू आवरेना. तुम्ही मात्र मान वर केली नाहीत.

तीन आठवडे हे चाललं होतं आणि पैसे घेतलेत फक्त स्कॅनिंगचे. बाकीच्या मेहनतीचं विचारलं तर म्हणालात, "पाण्याचं काय बिल लावू?"

पण माझे खरे आभार डब्यासाठी आहेत. त्यातल्या निगेटिव्हच्या पट्ट्या दिव्यासमोर धरून तुम्ही म्हणालात, "यातल्या बऱ्याच फ्रेमचे प्रिंट काढलेलेच दिसत नाहीत." तेव्हा मला बाबांची सवय आठवली. छत्तीसचा रोल. वाढदिवस, गणपती, मावशीचं लग्न असं करत करत पुरवायचा. शेवटी तीनचार फोटो उरायचे. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही हा नियम, मग बाबा समोर दिसेल त्याचा फोटो काढून रोल संपवायचे. प्रिंट काढताना 'चांगल्या' फोटोंवर खुणा. प्रत्येक कॉपीचे पैसे पडायचे, त्यामुळे या शेवटच्या फ्रेमना कोण विचारणार?

त्या तुम्ही मला दाखवल्यात. चाळीसेक असतील. आई ओट्यापाशी कुकरचं झाकण लावतेय. आई माझ्या वेणीची रिबीन दातात धरून बसलीय आणि मी रडतेय. आई खिडकीच्या गजांना पापडाचं प्लास्टिक बांधतेय. एकात ती नुसतीच दारात बसून चहा पितेय, पाय पसरून, समोर निवडायच्या मेथीची जुडी तशीच. आईला असं बसलेलं मी कधी पाहिलं होतं, आठवतच नाही. अल्बममधली आई सगळीकडे ताठ, पदर खांद्यावरून, डोळे मिटलेले. ही आई मला माहीत होती, पण मी तिला विसरले होते.

आईला दाखवले. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गाऊन किती फाटलाय गं! हे लोकांना दाखवू नकोस." मग तासाभराने परत मागून घेतले.

आता लेकीने घरात खेळ काढलाय, रोल संपवायचा. झोपायच्या आधी माझा मोबाईल घ्यायचा आणि समोर असेल त्याचा एकच फोटो काढायचा. एकच, कारण रोलमध्ये उरलेलाच एक असतो म्हणे. परवाचा फोटो माझा आहे. हातात तिचा न संपवलेला डबा, तोंड उघडं, ओरडता ओरडताच टिपलेली. भेंडी तशीच परत आणली होती, ओरडू नको तर काय? काढून टाकणार होते, पण राहू दिला. मागे ओट्यावर तिने खडूने काढलेलं मांजर आलंय. ते मी त्याच रात्री पुसलं होतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रिंट खालच्या कप्प्यातून काढून वर ठेवलेत, बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी कधीही धरेल, हेही लक्षात आहे.

एक राहिलं. चहाच्या त्या फोटोच्या कोपऱ्यात गुलाबी धुरकट गोळा आहे. "हा काढून टाकू का?" तुम्ही विचारलंत. कसला डाग, म्हटलं. "डाग नाही, बोट आहे. फोटो काढणाऱ्याचं. अशा कॅमेऱ्यात बघायची काच वेगळी आणि लेन्स वेगळी, बोट आड आलं तरी कळत नाही." काका, अख्ख्या अल्बममध्ये बाबांचा एकही फोटो नाही. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली.

मी फक्त "राहू दे" म्हटलं. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत, पूर्ण फ्रेम छापलीत, कडेचा एक मिलिमीटरही न कापता.

तो फोटो फ्रिजवर लावलाय. लेक येताजाता त्या गोळ्यावर आपलं बोट ठेवून बघते.

तुमची,
'कलिना, पुराचं'