अर्धांगवायूचा रुग्ण घरी पोचल्यानंतर

महोदय,

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत योग्य रुग्णालय गाठले, तर मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, ही माहिती आता गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवरही बऱ्याच जणांना आहे. आमचे बाबा त्यामुळेच वाचले. मात्र दहाव्या दिवशी घरी सोडताना मिळालेल्या कागदावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’ एवढीच ओळ होती. ती कुणाकडून घ्यायची आणि वाळपईहून बस बदलत लुळ्या पायाने शहरापर्यंत कसे जायचे, हे आमचे आम्ही पाहायचे होते.

बाबांना खाटेवरून उठवताना आम्ही त्यांचा उजवा हात धरून ओढत असू. लुळ्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो आणि ओढल्याने सांधा ढिला होतो, हे कळेपर्यंत महिना उलटला. तो खांदा आजही दुखतो. पुढे ओळखीतून एक फिजिओथेरपिस्ट घरी आल्या. व्यायाम सुरू करण्याआधी त्यांनी बाबांनाच विचारले, ‘‘तुम्हाला सगळ्यात आधी काय जमायला हवे?’’ बाबांची वाचा गेलेली. त्यांनी डाव्या हाताने न्हाणीघराकडे बोट केले. सुनेच्या आधाराने तिथे जावे लागणे त्यांना दुखण्यापेक्षा जड जात होते, आणि आम्ही त्यांच्या मुठीत रबरी चेंडू कोंबत बसलो होतो! मग गवंड्याकडून चिऱ्याच्या दोन पायऱ्यांलगत लोखंडी कठडा बसवून घेतला आणि चालण्याचा सराव त्याच वाटेवर सुरू झाला. तीन आठवड्यांनी बाबा एकटे जाऊन आले. ‘पाणी’ हा शब्दही न फुटणारे बाबा एका गुरुवारी भजनात अख्खा अभंग म्हणाले, तेव्हा शेजाऱ्यांना तो चमत्कार वाटला. वाचा गेलेल्या अनेक रुग्णांना गाता येते, हे आम्हाला त्या बाईंकडून कळले.

घरच्यांना शिकवले की पुरे, असे कुणी म्हणेल. तसे नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यावर सोपवलेल्या पुनर्वसनामुळे सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. घरच्यांची माया आणि मेहनत लागतेच, पण ती जाणकाराची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून आरोग्य खात्याला विनंती आहे की, रुग्णाला घरी सोडताच त्याची माहिती गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावी आणि पहिल्या आठवड्यातच फिजिओथेरपिस्टने घरी येऊन न्हाणी, पायऱ्या, खाट पाहावी व रुग्णाची स्वतःची निकड विचारून व्यायाम ठरवावेत. त्यापुढे पंचायतीच्या सभागृहात आठवड्याचा एक वार ठरला, तरी पुष्कळांची सोय होईल. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो आणि आमच्या वाड्यावर आणखी एक गृहस्थ गणेश चतुर्थीपासून खाटेवर आहेत.

— एक वाचक, सत्तरी