होळीच्या पोळ्यांना हातभार लावणाऱ्यांचे आभार

यंदा होळीला आम्ही पाचजणांनी कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पुरणपोळ्यांचा घाट घातला. एकाला रजा नाही, दोघांना गाडीचं तिकीट मिळालं नाही, एकीची रात्रपाळी, आणि एकीचं घरी जाणंच बंद झालंय (कारण इथे नको). म्हणजे घरचे म्हणून आम्हीच.

हातातला चिकीचा गूळ काढून घेऊन "पुरणाला साधा ने" म्हणणारे वाणीकाका, आभार. तुपाची बरणी रिक्षात राहिली म्हणून परत फिरून आलेले दादा, तुमचेही. जास्तीचे पैसे घेतले नाहीत तुम्ही.

खरा गोंधळ पुढे झाला. डाळीतला कट नीट निथळलाच नव्हता, पुरण पार सैल. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदाच पातेल्यात डोकावून बघितलं. "परत चढव. उलथनं उभं राहिलं की उतरव." मग स्वतःचं पितळी पुरणयंत्र आणून दिलं आणि पहिली पोळी लाटूनही दाखवली. आमची पहिली फाटली, दुसरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. तेवढ्यात गॅस संपला! शेजारच्या मुलांनी स्वतःचा चालू सिलेंडर काढून आणून दिला. आठ पोळ्या आणि वाडगाभर कटाची आमटी त्यांच्याकडे गेली, ती कमीच.

रात्रपाळीवालीचा डबा साडेसातला भरला, तोही तूप वेगळं बांधून.

काकू, पुरणयंत्र घासून ठेवलंय. बारीक जाळी तेवढी सापडत नाहीये, शोधतोय.