पुठ्ठ्याच्या किल्ल्यापलीकडे

'मध्ययुग प्रकल्पांतून शिकवा' हा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. भूमिका मनापासून पटली. मात्र प्रकल्पाची सुरुवात त्या काळातल्या माणसांच्या कामापासून व्हावी, असा माझा आग्रह आहे. युरोपातील मध्ययुग म्हटले की शाळेत पुठ्ठ्याचा किल्ला उभा राहतो आणि चंदेरी कागदाचे चिलखत घातलेला सरदार येतो. बहुसंख्य लोक तेव्हा शेतकरी होते, ते या प्रदर्शनात कुठेच नसतात.

उदाहरणार्थ, तेरा गाठींची दोरी घ्या. तिचे बारा समान भाग होतात. तीन, चार आणि पाच भागांच्या बाजूंचा त्रिकोण ताणला की बिनचूक काटकोन मिळतो. फ्रान्समध्ये गेदलाँ येथे १९९७ पासून तेराव्या शतकातील तंत्राने किल्ला बांधला जात आहे. तिथले कारागीर हीच दोरी वापरतात. मुलांनी ती मैदानात ताणून पाहिली, तर पायथागोरसचा सिद्धान्त आणि गवंड्याचे कौशल्य एकाच तासात हाताला कळते. त्या काळची मायफळ, हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक यांची शाई लिहिल्यानंतर हवेत गडद होत जाते; तिथे रसायनशास्त्र आपसूक येते. त्या काळातल्या शेतकऱ्यांप्रमाणे जमिनीचे दोनऐवजी तीन भाग करून त्यांतला एकच पडीक ठेवला, तर ६०० एकरांत पेरा ३०० वरून ४०० एकरांवर जातो. हे गणित मुलांनीच मांडावे.

मूल्यमापनही बदलावे लागेल. गुण सजावटीला न देता, अमुक गोष्ट तशीच का केली जात असे, याच्या उत्तराला द्यावेत.

– एक इतिहास शिक्षिका