ट्रॅक्टर घेऊन आलेल्या काकांना

प्रिय काका,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते आमच्या माणसांना कळायला हवं. तुम्हाला मी ते इंग्रजीत करून फोनवर वाचून दाखवीन.

त्या रात्री आई सोलापूरहून माझ्या बाळंतपणासाठी आली होती. मला आठवा लागला होता. फार्गोच्या विमानतळावरून तिला घेतलं आणि आम्ही घरी, ग्रँड फोर्क्सला निघालो. जेमतेम एकशेतीस किलोमीटर. निघालो तेव्हा आकाश निरभ्र होतं.

अमेरिकेतला हा उत्तर डकोटा ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे पटणार नाही, पण इथं हिमवादळ व्हायला आकाशातून बर्फ पडावाच लागतो असं नाही. रेड नदीचं हे खोरं म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या अगासिझ नावाच्या अवाढव्य सरोवराचा तळ. ना डोंगर, ना टेकडी. कॅनडाकडून वारा सुटला की त्याला अडवायला शेतांच्या कडेनं लावलेल्या झाडांच्या रांगा सोडल्या तर काहीच नाही. जमिनीवर आधी पडलेला भुसभुशीत बर्फ तो उचलतो आणि आडवा फेकत सुटतो. वर बघावं तर चांदण्या दिसतात आणि समोर स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. ताशी छप्पन्न किलोमीटरच्या वर वारा आणि चारशे मीटरच्या आत दृष्टी, असं तीन तास चाललं की इथलं हवामान खातं त्याला ब्लिझर्ड म्हणतं. आम्ही त्यात सापडलो तेव्हा चारशे मीटर सोडाच, चार फूटही दिसत नव्हतं. हायवेवरून बाहेर पडलो आणि गावाकडच्या रस्त्यावर गाडी कडेच्या चरात घसरली.

रस्त्यात मदत करू म्हणून दरवर्षी आमच्याकडून पैसे घेणारी एक कंपनी आहे. तिचं नाव लिहीत नाही. आधी त्यांनी संगीत ऐकवत ताटकळत ठेवलं, मग विचारलं की गाडी सुरक्षित जागी आहे ना, आणि शेवटी सांगितलं की या भागात आज सेवा नाही, सकाळी पुन्हा फोन करा. बाहेर उणे तीस आणि गाडीत एक म्हातारी बाई आणि एक गरोदर बाई आहे, हे मी दोनदा सांगितलं होतं. पलीकडच्या माणसानं 'आणखी काही मदत करू का?' असं विचारून फोन ठेवला. ते वाक्य आठवलं की आजही माझे हात थरथरतात.

९११ या आणीबाणीच्या नंबरवरच्या बाई मात्र माणूस होत्या. गाडी सोडून कुठेही जाऊ नका, इंजिन थोडा वेळच चालवा, त्याआधी धुराच्या नळीवरचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत येईल, हे सगळं त्यांनी शांतपणे समजावलं. बर्फ काढणारी वाहनंही त्या रात्री रस्त्यावरून मागे बोलावली होती. म्हणून त्यांनी आमच्या जवळच्या शेतावर फोन लावला, तो तुमचा.

तुम्ही नाही म्हणाला असतात तरी कुणी तुम्हाला बोल लावला नसता. तुमचं वय सत्तरीच्या पुढचं. पण तुम्ही आलात. इथले रस्ते मैला-मैलावर काटकोनात आखलेले आहेत आणि त्यातला प्रत्येक खांब, प्रत्येक टपालपेटी तुम्हाला पाठ होती, म्हणून सापडलो. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये सगळे मावेनात. तुम्ही आम्हा दोघींना तुमच्या घरी पोचवलंत आणि माझ्या नवऱ्यासाठी त्याच वाऱ्यात माघारी गेलात.

एवढ्यावरही जन्मभर उपकार मानले असते. पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

आई विमानातून उतरली होती ती कापडी बुटांत. तिची बोटं पांढरी पडली होती, टाचणी टोचली तरी कळलं नसतं. ती आमच्या सवयीप्रमाणे पाय चोळायला लागली, तेव्हा तुम्ही हातानं थांबवलंत. चोळायचं नाही, शेकोटीला धरायचं नाही. तुम्ही पातेल्यात पाणी आणलंत, बाही वर केलीत आणि कोपर बुडवून बघितलंत. पुन्हा थोडं गार पाणी घातलंत, पुन्हा कोपर. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी आमच्याकडे असंच बघतात. मग गुडघे टेकून खाली बसलात आणि आईचे पाय स्वतःच्या हातांनी त्या पाण्यात सोडलेत. आई कासावीस झाली. "अगं, त्यांना सांग, पायाला हात नका लावू, मोठे आहेत ते!" मी सांगितलं. तुम्ही नुसते हसलात आणि पाणी निवेल तसं कोमट पाणी घालत तिथंच बसून राहिलात. बोटांत कळ यायला लागली तशी ती रडायला लागली आणि तुम्ही म्हणालात, दुखतंय म्हणजे चांगलं आहे.

तिचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून असेल, तुम्ही हेझल मायनरची गोष्ट सांगितलीत. मार्च १९२० मध्ये याच राज्यात सेंटर गावाजवळ शाळेतून घरी येताना तिची घसरगाडी उलटली आणि पंधरा वर्षांच्या त्या पोरीनं दोन धाकट्या भावंडांना रात्रभर अंगाखाली झाकून घेतलं. भावंडं जगली, ती गेली. मी आईला मराठीत सांगत गेले आणि माझा हात आपोआप पोटावर गेला.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आपल्याकडं उन्हाळ्यात पाणपोई घालतात ना, तसं आहे हे." चव्वेचाळीस अंशांत होरपळणाऱ्या सोलापूरच्या बाईला उणे तीसची माणसं लगेच कळली. ग्रँड फोर्क्समध्ये लोक अजून १९९७ बद्दल बोलतात. त्या हिवाळ्यात आठ हिमवादळं झाली, शेवटचं एप्रिलमध्ये, आणि पाठोपाठ पूर येऊन जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं. आसपासच्या गावांतल्या लोकांनी अनोळखी कुटुंबांना घरात घेतलं. मला वाटायचं, जुन्या आठवणी माणसं गोड करून सांगतात. आता तसं वाटत नाही. इथं थंडी माणसाला मारू शकते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दार वाजलं की उघडायचं, यावर कुणी विचार करत बसत नाही. फोनवर संगीत वाजवणाऱ्यांनी एकदा इथं येऊन ते बघावं.

मुलगी झाली, काका. दोघी सुखरूप आहोत. आईच्या सगळ्या बोटांना आता नीट कळतं, एका नखाचा काळेपणा तेवढा राहिलाय. तुम्ही दिलेले लोकरीचे मोजे तिनं धुऊन ठेवलेत, पण परत द्यायचं तिच्या जिवावर आलंय, असं मला दिसतंय.

ती जायच्या आधी तुमच्याकडे यायचं आहे. तुमची बीटची पेरणी सुरू झाली की तुम्हाला उसंत नसेल, म्हणून त्याआधीचा एखादा रविवार सांगा. तिनं तुमच्यासाठी सोलापुरी शेंगाचटणी कुटली आहे, तिखट निम्मं घालून. घरात कुणाला शेंगदाणे चालत नसतील तर तेवढं मात्र आधी कळवा, म्हणजे ती दुसरं काहीतरी करेल.

तुमची,
चरातल्या गाडीतली लेक