शब्द रंगतो एक, ऐकू येतो दुसरा

महोदय,

मोठ्याने वाचून दाखवणारी मराठी ॲप मुलांसाठी निवडताना पालक आणि शिक्षक आवाज कसा आहे तेवढेच पाहतात. बोलला जाणारा शब्द पडद्यावर नेमका त्याच क्षणी रंगतो का, हे तपासले जात नाही. वाचायला शिकणाऱ्या मुलाला चुकीचा शब्द रंगलेला दिसण्यापेक्षा काहीच न रंगलेले बरे.

गफलत बहुधा मोजणीत असते. ‘विद्यार्थी’त डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, संगणकाच्या लेखी ती दहा चिन्हे आहेत. अँड्रॉइड ८ पासून आवाजाचे इंजिन, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, ‘आता अमुक चिन्हापासून तमुक चिन्हापर्यंत बोलतोय’ असे ॲपला कळवू शकते. ॲपने मात्र अक्षरे मोजली, तर रंग भलतीकडे पडतो. कधी तो जोडाक्षराच्या मधोमध सुरू होतो आणि रफार सुटून ‘र्’ वेगळा दिसू लागतो.

दुसरी अडचण आकड्यांची. ‘रु. २,५००’ ही पडद्यावर नऊ चिन्हे. उच्चार सुधारावा म्हणून ॲपने इंजिनला ‘दोन हजार पाचशे रुपये’ असा मजकूर दिला, तर ती वीस होतात. तिथून पुढे रंग अकरा चिन्हे सरकलेलाच राहतो. मूळ आणि बदललेल्या मजकुराची जुळणी करणारा तक्ता ठेवला की हे मिटते, पण तो ठेवण्याचा कंटाळा केला जातो. लांब धडा तुकड्यांत वाचताना प्रत्येक तुकड्याची मोजणी शून्यापासून होते. आधीच्या तुकड्यांची लांबी त्यात मिळवावीच लागते.

आता कोणता शब्द बोलला जातोय, ही खबर सगळीच इंजिने देत नाहीत. मग काही ॲप प्रत्येक शब्दाला ठरावीक वेळ देऊन मोकळी होतात. ‘व’ आणि ‘विद्यार्थ्यांनी’ यांना सारखाच वेळ! अशा वेळी अख्खे वाक्य रंगवणे प्रामाणिकपणाचे.

तपासायला हे एक वाक्य पुरे: ‘दि. १५ रोजी रु. २,५०० खर्चून विद्यार्थ्यांनी क्षितिज पाहिले.’ वेग आधी निम्मा, मग दीडपट करून ऐकावे. रंग पार्श्वभूमीला हवा, काळ्या अक्षरांमागे फिकट पिवळा चालतो. शब्द ठळक केला की त्याची रुंदी वाढते, ओळ हलते आणि मुलाची नजर जागा हरवते. चाचणी फोनच्याच स्पीकरवर करावी; ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो आणि चांगले ॲपही रंगात पुढे धावताना दिसते.

– मराठी वाचन-ॲपवर काम करणारे काही प्रोग्रॅमर, पुणे